रिकामटेकडी कोणाला म्हणताय? (गॅलरीतल्या बागेवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एकदा सकाळी गाडीत आणि एकदा रात्री ओटा आवरल्यावर. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. '440 रुपयांत गॅलरीतली बाग' या माझ्या लेखावर या दादांनी लिहिलंय की उसाच्या चिपाडाला मुंग्या लागतात, रंगाचे डबे भाजीला चांगले नाहीत, ग्रिलवर वजन किती येईल याचा विचार केलेला नाही, 15 रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, आणि सगळ्यात शेवटी, "हे रिकामटेकड्या बायकांचे उद्योग आहेत, कष्ट करून खाणाऱ्याला असले चोचले परवडत नाहीत."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. मुंग्यांचं खरं आहे. रसवंतीवरून आणलेलं चिपाड तसंच ओलं डब्यात भरलं तर त्यात गोडवा राहतो आणि दोन दिवसांत मुंग्यांची रांग लागते. ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी ओतून द्यायचं आणि कडकडीत वाळवून मगच भरायचं. मी स्वतः तसंच करते पण लेखात लिहायचं राहिलं, चूक माझी.

आता ती शेवटची ओळ. दादा, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या नावाच्या जागी तर नावही नाही. मग मी रिकामटेकडी आहे हे तुम्हाला कुठून कळलं? बाई झाडांबद्दल लिहिते म्हणजे दिवसभर घरी बसून असणार, एवढंच ना? मी 23 वर्षं अकाउंट्सचं काम करतेय. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडते, बसायला मिळालं तर नशीब, घरी यायला रात्रीचे साडेआठ होतात. झाडांना पाणी सकाळी साडेपाचला, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात धरून ठेवलेलं असतं तेच घालते. रविवारी अर्धा तास जास्त लागतो, त्यात माती मोकळी करायची आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून बुडवून एकेक फांदी घासून काढायची. हे तुम्हाला रिकामपण वाटत असेल तर वाटू दे.

आणि कष्ट करून खाणाऱ्याला काय परवडतं हे तर मला सांगूच नका. माझे वडील गिरणीत होते. लालबागला चाळीत आमची एक खोली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या सभेहून वडील यायचे आणि म्हणायचे पुढच्या महिन्यात मिटतंय, आणि तो पुढचा महिना काही आलाच नाही. आधी दूध अर्धं झालं, मग गणपतीच्या आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग भाजी आणणं बंद झालं. तेव्हा आईने वाण्याकडून, शेजारणींकडून डालड्याचे रिकामे डबे मागून आणले. डबा उलटा धरायचं काम माझं, आई बुडाला खिळा टेकवायची आणि वरवंट्याने ठोकायची, पाच भोकं. माती मामाने साताऱ्याहून एसटीच्या टपावर गोणीतून आणली. धने मिसळणाच्या डब्यातलेच, जमिनीवर पसरून वाटीच्या बुडाने हलक्या हाताने रगडायची, एका धन्याचे दोन झाले पाहिजेत पण चुरा होता कामा नये. आळूचा कंद मोरीच्या पाण्याच्या वाटेवरच्या डब्यात. त्या आळूचं फदफदं आम्ही किती दिवस खाल्लं याचा हिशोब नाही, त्यात घालायला ना चणाडाळ ना शेंगदाणे, घशाला खाजू नये म्हणून चिंच तेवढी असायची.

हीच आई दुपारी खानावळीच्या पोळ्या लाटायला जायची. तिला म्हणा रिकामटेकडी. तिच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवा.

खरंतर या सगळ्याची काही गरज नव्हती. तुम्ही नुसतं "ताई, मला हे परवडेल असं वाटत नाही" एवढं लिहिलं असतं तर मी तुमच्याशी बसून हिशोब केला असता. पण 'चोचले' म्हटल्यावर माणूस काय ऐकणार आणि काय सांगणार? हल्ली कोणीही उठतं आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर दोन ओळी टाकून मोकळं होतं. स्वतः कधी कुंडीत एक कडीपत्ता जगवलाय का हो? पहिल्या वर्षी तो वीतभरही वाढत नाही, ते वर्ष तुम्ही काढलं असतं तर असं लिहिलं नसतं.

बाकीचं पटकन. रंगाच्या डब्यांत माझी जास्वंद आणि तगर आहे, भाजी नाही, फोटो नीट बघायला हवा होता. वजनासाठीच तर चिपाड वापरायचं, मातीपेक्षा कितीतरी हलकं पडतं, मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर चिपाड वापरूनच भाज्या घेऊन दाखवल्यात, ही काही माझ्या डोक्यातून निघालेली आयडिया नाही. जुडीच्या भावाचं म्हणाल तर पावसाळ्यात कोथिंबीर कुठे जाते ते मंडईत जाऊन बघा, मी त्या वादात पडत नाही. आणि गाडीच्या खिडकीतून रुळांच्या कडेचा पालक आणि त्याला दिलं जाणारं नाल्याचं पाणी मी रोज बघते, त्यामुळे माझ्या डब्यातली मेथी मला महाग वाटत नाही. मेथी तर इतकी सोपी, वाणसामानातलेच दाणे रात्री भिजवायचे, सकाळी पसरायचे, वरून बोटभर माती, चौथ्या दिवशी हिरवं दिसतं. समुद्रमेथीसारखी कोवळी खायची असेल तर दहा-बारा दिवसांत उपटायला येते.

मूळ लेखात चिपाड भिजवून वाळवायची ओळ आज रात्री घालते. बाकीचा एकही शब्द बदलणार नाही.