240 ची अट आणि रजेची कमाई

नमस्कार,

भरपगारी रजेवरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, वर्षात कामाचे 240 दिवस भरेपर्यंत हक्कच नसतो, तेव्हा रजा 'साठत जाते' हे माझं म्हणणं चूक. दोन, हिंजवडीतली तुमची कंपनी महिन्याला दीड दिवस पीएल (म्हणजे हीच भरपगारी रजा) खात्यात टाकते ती मेहरबानी. तीन, रजा न घेता शेवटी पैसे मागणारे लोक लबाड. खरी मेख पहिल्यातच आहे.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, म्हणजे शॉप अ‍ॅक्टप्रमाणे, कॅलेंडर वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला पुढच्या वर्षी दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळते. ही मोजणी काय 241 व्या दिवसापासून सुरू होते? पहिल्या दिवसापासून होते. 240 चे 12, 300 चे 15. म्हणजे जानेवारीतल्या कामाची रजा जानेवारीतच कमावलेली असते, फक्त हातात उशिरा पडते.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं ज्यावर हिशेब केले, तो 1948 चा फॅक्टरी अ‍ॅक्ट तर आणखी स्पष्ट होता. त्याच्या कलम 79 नुसार प्रसूती रजेचे 12 आठवडे 240 मध्ये धरले जात, पण त्या दिवसांवर नवी रजा चढत नसे. अट वेगळी मोजली, कमाई वेगळी. शिवाय नोकरी मध्येच सुटली तर 240 भरलेले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात रजेचे पैसे द्यावे लागत. काही साठलंच नव्हतं, तर हे पैसे कशाचे?

आता तुमच्याच ऑफिसचं बघा. पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे वर्षाचे साधारण 261 दिवस. त्यातून आठ सणावाराच्या सुट्ट्या गेल्या, उरले 253. आठ सीएल (किरकोळ रजा) घेतल्या की 245. गणपतीत गावी जाऊन आठवडाभर राहिलं की 240 च्या काठावर! सहा दिवसांच्या आठवड्यात सहज भरणारा हा आकडा आयटीत असा अडचणीचा होतो. 2020 च्या केंद्रीय कामगार संहितेत हीच अट 180 दिवसांवर आणली आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

दीड दिवसाबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. वर्षाचे 18 होतात, कायद्याच्या किमान हिशेबापेक्षा हे जास्त. पण ती मेहरबानी फक्त वरच्या फरकापुरती, आणि तीही एकदा ऑफर लेटरमध्ये लिहिली की मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही. (मॅनेजर मंडळींचा सगळा मामला तसाही कंपनीच्या पॉलिसीवर.) सीएलचं निराळं: वर्षाला आठ, तिमाहीला जमा, डिसेंबरअखेर लॅप्स. तिथे पैसे कुणी मागत असेल तर तुमचं हसणं रास्त.

पीएलवाल्यांना मात्र लबाड म्हणू नका. शॉप अ‍ॅक्टमध्ये 45 दिवसांपर्यंत पीएल साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही कंपनीने रजा नाकारली, तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क त्याच कायद्याने दिलाय. रिलीज तोंडावर आहे, क्लायंट बोंबलतोय, म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' असं एचआर किंवा टीम लीड किती वेळा सांगतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बहुतेकदा तोंडीच सांगतात, त्यामुळे सिस्टिममध्ये नकाराची नोंदच नसते. तुमच्याकडे ती होते का, तेवढं कळवा.