हायो हेर्मानची गोष्ट १९४५ ला संपत नाही

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात युंकर्स ८८ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॉम्बर विमानाचं मॉडेल जोडलं. वर्तमानपत्र पसरून, चिमट्याने एकेक स्टिकर पाण्यातून उचलत. शेपटीवरचं नाझी चिन्ह मात्र दोन तुकड्यांत छापलेलं. जर्मनीत ते मिरवायला बंदी आहे, म्हणून काही कंपन्या असं करतात, हे मी त्याला सांगितलं. मग त्याने या विमानाच्या वैमानिकांची माहिती शोधली आणि हायो हेर्मानपाशी थांबला. "मामा, काय डेअरिंग होतं या माणसात!"

होतं, खरंच होतं. जन्म १९१३, कीलचा. स्पेनच्या यादवीपासून लढाईत उडायला लागला, ३०० च्या वर मोहिमा केल्या. ६ एप्रिल १९४१ च्या रात्री तो सिसिलीहून ग्रीसच्या पिरेयस बंदरावर गेला. धक्क्याला 'क्लॅन फ्रेझर' हे ब्रिटिश जहाज होतं, पोटात सुमारे २५० टन स्फोटकं. ते उडालं आणि त्याच्याबरोबर अख्खं बंदर. ग्रीसला रसद पोचायचा मुख्य दरवाजाच मोडला. परतताना विमानाला मार लागलेला, तरी त्याने ते ऱ्होड्सला उतरवलं.

युद्धाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या पोस्टी इथेच, फार तर 'वाइल्ड सो'पर्यंत येऊन थांबतात. (रात्री शत्रूचे बॉम्बर शोधायला एका इंजिनाची फायटर विमानं सोडायची आणि जळत्या शहराच्या उजेडात शिकार करायची, ही त्याचीच कल्पना.) मला राग येतो तो या थांबण्याचा.

कारण पुढे एप्रिल १९४५ आहे. पेट्रोल संपत आलेलं, मुरलेले वैमानिक मेलेले. हेर्मानने सुचवलं की नवशिक्या पोरांनी आपली विमानं सरळ अमेरिकन बॉम्बरवर आदळावीत. मेसरश्मिट १०९ हे त्यांचं फायटर विमान हलकं व्हावं म्हणून चिलखत आणि बऱ्याचशा बंदुका काढल्या. शेपटीवर धडकायचं आणि जमलं तर पॅराशूट घेऊन उडी मारायची. ७ एप्रिलला दीडशेहून जास्त पोरं उडाली. समोर हजाराहून अधिक बॉम्बर, त्यातले पडले डझनाच्या आसपास. महिन्याभरात जर्मनीने शरणागती पत्करली. त्या दिवशी आकाशात हेर्मान स्वतः नव्हता.

नंतर दहा वर्षं तो रशियाच्या कैदेत होता. ते हाल खोटे नव्हते, आणि मला त्यांचं समाधान वाटत नाही. १९५५ ला सुटला, कायदा शिकला, ड्युसेलडॉर्फला वकिली केली. इथे त्याला कुणाचा हुकूम नव्हता. ज्यूंचा संहार झालाच नाही म्हणणाऱ्या ओटो एर्न्स्ट रेमरचं वकीलपत्र त्याने घेतलं. हाच रेमर १९४४ मध्ये हिटलरविरुद्धचा उठाव बर्लिनमध्ये मोडून काढणारा. आरोपी कुणीही असो, वकील त्याची बाजू मांडतो, हे मान्य. पण हेर्मान अतिउजव्यांच्या सभांत भाषणंही करत होता. ते वकीलपत्रात बसत नाही.

२०१० साली, ९७ व्या वर्षी गेला. "तो फक्त सैनिक होता" असं कुणी लिहिलं, की मला ही शेवटची पंचावन्न वर्षं आठवतात. विचार बदलायला इतका वेळ फार थोड्यांना मिळतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ती आदळणारी पोरं केवढी होती?"

म्हटलं, बरीचशी तुझ्या दादाएवढी.