कायदामंत्री कायदेपंडित असला की न्यायालयं सुरक्षित असतात का?

केंद्रातल्या कायदामंत्र्यांविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल (हिंदूंच्या विवाह-वारसा-दत्तकाचे नियम एकत्र करणारं विधेयक) मंजूर करून घेतलं आणि कायदा खात्याला मोठेपण दिलं. त्यांच्यानंतरचे सगळे कायदामंत्री नावाजलेले कायदेपंडित होते, प्रत्येकाने पूर्ण मुदत काम केलं, न्यायालयांशी त्यांचे कधी खटके उडाले नाहीत. २०१४ नंतर मात्र खातं हातोहात फिरू लागलं आणि २०२३ मध्ये इतिहासात प्रथमच ते एका राज्यमंत्र्याच्या हाती गेलं. खाली काही नावांची यादी.

आजच्या सरकारवर टीका जरूर व्हावी. पण ती रचलेल्या भूतकाळावर उभी करू नये. या मजकुरातला भूतकाळ तर आणीबाणीवरच पांघरूण घालतो, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

मुदतीचा मुद्दा पटकन निकालात निघतो. अशोक कुमार सेन १९५७ ते १९६६ सलग कायदामंत्री होते, हंसराज भारद्वाज २००४ ते २००९ पूर्ण पाच वर्षं. पण त्यांच्या पाठोपाठ २००९ ते २०१४ मध्ये वीरप्पा मोईली, सलमान खुर्शीद, अश्वनी कुमार आणि कपिल सिब्बल असे चार मंत्री झाले. त्याआधी वाजपेयींच्या काळातही थंबीदुराई, राम जेठमलानी, अरुण जेटली, जना कृष्णमूर्ती आणि पुन्हा जेटली अशी अदलाबदल झाली होती. उलट रविशंकर प्रसाद २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षं या खात्यात होते. न्या. हंसराज खन्नांचं उदाहरण तर टोकाचं आहे. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ च्या निकालात, सरकारला माणसाच्या जिवाचा आणि स्वातंत्र्याचा हक्क काढून घेता येणार नाही असं एकट्याने लिहिणारे हे न्यायाधीश. १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात ते कायदामंत्री झाले आणि अवघ्या तीन दिवसांत बाहेर पडले. खातं पहिल्यापासून फिरतंच आहे.

बाबासाहेबांविषयीचा दावा मला जास्त खटकतो, कारण त्यात त्यांचा गौरव दिसतो आणि त्यांचं दुःख मात्र पुसलं जातं. हिंदू कोड बिल त्यांच्या हातून मंजूर झालं नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये जेमतेम चार कलमं मंजूर झाल्यावर ते गुंडाळलं गेलं, आणि २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनाम्याचं पत्र दिलं. ऑक्टोबरमध्ये ते संसदेत निवेदन करायला उभे राहिले, तेव्हा निवेदनाची प्रत आधी द्या अशी अट पुढे आली. ती मान्य न करता ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी बाहेर प्रसिद्ध केलं. ते मुळातून वाचावं असं आहे. हिंदू कोडाखेरीज अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण आणि मंत्रिमंडळाच्या समित्यांमधून आपल्याला दूर ठेवणं, ही कारणं त्यात सविस्तर येतात. आणि कायदा खात्याविषयी ते म्हणतात की प्रशासनाच्या दृष्टीने या खात्याला काही महत्त्व नाही, धोरण ठरवण्याची संधी त्यात मिळत नाही, आम्ही त्याला साबणाची रिकामी पेटी म्हणायचो, म्हाताऱ्या वकिलांना खेळायला बरी. त्यांना नियोजनाचं काम हवं होतं, ते मिळालं नाही. खात्याच्या सुवर्णकाळाची सुरुवात ज्यांच्यापासून मोजली जाते, त्यांनीच जाताना खात्याबद्दल हे लिहून ठेवलंय.

हिंदू कोड पुढे १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व पोटगी असे चार वेगळे कायदे होऊन मंजूर झालं. तेव्हा कायदामंत्री होते चारुचंद्र बिस्वास आणि लोकसभेत विधेयकं लढवण्याचा मोठा भार उचलला त्यांच्याच खात्यातले मंत्री हरि विनायक पाटसकर यांनी. मूळचे इंदापूरचे, जळगावचे खासदार. महाराष्ट्रातही हे नाव आज फार कोणाला आठवत नाही याचं वाईट वाटतं. आपल्या आज्यांना नवऱ्याच्या मालमत्तेत पूर्ण मालकीचा वाटा मिळाला, त्यामागे या माणसाचे कष्ट आहेत.

‘प्रथमच राज्यमंत्री’ हेही चूक. १८ मे २०२३ ला किरेन रिजिजू यांच्याकडून खातं काढून अर्जुन राम मेघवाल यांना स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री म्हणून दिलं गेलं, हे खरं. पण १९९६ ते १९९८ मध्ये, देवेगौडा आणि गुजराल यांच्या सरकारांत, गोव्याचे रमाकांत खलप नेमक्या याच दर्जाने कायदा खातं सांभाळत होते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा हा खासदार गोव्यातले वाचक तरी विसरले नसतील. लोकसभेत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारं पहिलं विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये खलपांनीच मांडलं. सत्तावीस वर्षांनी, १९ सप्टेंबर २०२३ ला, नव्या संसदभवनात महिला आरक्षणाचं विधेयक मांडलं ते मेघवालांनी, म्हणजे पुन्हा एका राज्यमंत्र्यानेच. न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या फायली हाताळणाऱ्या खात्याला कॅबिनेट मंत्री असावा, ही मागणी मला पूर्ण मान्य आहे. ती करायला इतिहासाची मोडतोड कशाला हवी?

आता मुख्य दावा: कायदेपंडित मंत्री, म्हणून न्यायालयं सुरक्षित.

फिरणाऱ्या यादीत १९७१ ते १९७७ हा काळ गायब आहे. त्या सहा वर्षांत कायदामंत्री होते हरि रामचंद्र गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि मुंबईचे खासदार. मजकुराच्या निकषावर त्यांच्याइतका लायक मंत्री शोधून सापडणार नाही. त्यांच्या कारकिर्दीत काय घडलं? २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला: घटनेचा मूळ गाभा संसदेलाही बदलता येणार नाही. लगेच दुसऱ्या दिवशी न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश नेमल्याची घोषणा झाली. तिघांनीही राजीनामे दिले. जानेवारी १९७७ मध्ये न्या. खन्नांनाही तसंच डावललं गेलं.

त्याआधी, १ सप्टेंबर १९७६ ला, विरोधी नेते तुरुंगात असताना गोखल्यांनी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं. केंद्राचा कायदा घटनाबाह्य आहे का, हे तपासण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकार त्या दुरुस्तीने काढून घेतला. घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असंही तिच्यात घातलं. हा मसुदा कायदा न कळणाऱ्या माणसाच्या हातचा नव्हे. न्यायालयाचे हात नेमके कुठे बांधायचे हे न्यायालयात बसलेल्या माणसालाच नीट ठाऊक असतं, आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. १९७७ च्या निवडणुकीत मुंबईच्या मतदारांनी गोखल्यांना पाडलं. निवडून आले राम जेठमलानी.

कायदामंत्री म्हणून गोखल्यांच्या जागी शांतिभूषण आले. इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या अलाहाबादच्या खटल्यात राजनारायण यांचे वकील. त्र्येचाळिसाव्या दुरुस्तीने उच्च न्यायालयांना अधिकार परत मिळाले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असं ठरलं. म्हणजे बांधणाराही कायदेपंडित आणि सोडवणाराही कायदेपंडित. फरक पडला तो मागे कोणतं सरकार उभं होतं आणि ते लोकांनी कशासाठी निवडून दिलं होतं, त्याने. आणि रिजिजू, मेघवाल हे दोघेही कायद्याचे पदवीधर आहेत, हेही मजकूर सांगत नाही.

राहिला न्यायालयांशी सलोख्याचा दावा. पी. शिवशंकर स्वतः आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. कायदामंत्री झाल्यावर १८ मार्च १९८१ ला त्यांनी राज्यांना पत्र पाठवलं: अतिरिक्त (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या) न्यायाधीशांना विचारा, दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयात जायला तयार आहात का? मुदत वाढण्याची वाट पाहणाऱ्या न्यायाधीशाला असं पत्र म्हणजे काय, हे वकीलवर्गाला लगेच कळलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यावेळी निकाल सरकारच्या बाजूने लागला, नेमणुकांत शेवटचा शब्द सरकारचा राहिला. जुलै २००० मध्ये जेठमलानींना कायदामंत्रिपद सोडावं लागलं ते सरन्यायाधीश आनंद आणि ॲटर्नी जनरल सोराबजी यांच्याशी झालेल्या वादातून. १९८१ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये फिरवला आणि कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची पद्धत, आलं. सलोखा असता तर या निकालांची वेळच आली नसती.