केळी बंद केली म्हणून शहराच्या नळाला पाणी येणार नाही

उन्हाळा लागला की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो: "शेतकऱ्याला पाणी फुकट, वीज फुकट. सगळं पाणी केळी पिते आणि शहर तहानलेलं राहतं. त्यापेक्षा जमिनी एनए (बिगरशेती) करा, प्लॉट पाडा. भाजी बाहेरून येईल." शिकलेली माणसंही तो खरा धरून पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"फुकट पाणी, फुकट वीज." कालव्याच्या पाण्याला सात नंबरचा, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज भरावा लागतो, पाणीपट्टी लागते, वर 20 टक्के स्थानिक उपकर. रावेर-यावलची केळी तर मुख्यतः विहिरी-बोअरवर. बोअरचे पैसे फुटावर. केसिंग, मोटर, केबल, पाइप वेगळे. बोअर कोरडी गेली तरी ती खोदणाऱ्या गाडीवाल्याचा हिशेब चुकता करावाच लागतो. विजेचं म्हणाल तर साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल 2024 पासून सरकार भरतं, हे खरं. पण खोल गेलेलं पाणी उपसायला त्याहून मोठी मोटर लागते, आणि तिचं बिल येतंच.

"सगळं पाणी केळी पिते." केळीला पाणी भरपूर लागतं, हे कुणी नाकारू नये. म्हणूनच तर जळगाव जिल्ह्यात ठिबक इतकं रुजलं. सकाळी शेतात गेलं की आधी फिल्टरची जाळी धुवायची, नळीचं टोक सोडून गाळ काढायचा, मग व्हॉल्व्ह फिरवायचा. पाणी खोडाशी थेंबाथेंबानं पडतं. शेजाऱ्याहून खोल बोअर घेण्याची चढाओढ मात्र वाईटच. ती शेतकऱ्यांनीच थांबवायला हवी.

"शेतीमुळे शहर तहानलेलं." राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं. 2003 च्या नीतीत तर उद्योगही शेतीच्या पुढे होते. शेती दुसऱ्या क्रमांकावर आली ती 2011 मध्ये. गिरणा धरण कमी भरलं की पहिली कात्री शेतीच्या आवर्तनाला (कालव्यातून पाळीनं सुटणाऱ्या पाण्याला) लागते आणि पिण्यासाठी नदीत पाणी सोडलं जातं.

आणि पाणी वाटून घेणं खान्देशाला कुणी शिकवायला नको. पांझरा नदीवर तीनेकशे वर्षांपूर्वीपासून फड पद्धत चालत आली. नदीत बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचं शिवार बहुधा चार फडांत, म्हणजे भागांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, म्हणजे पाण्याची पाळी एकच. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं; शेतमालकानं स्वतः दार उघडायचं नाही. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा फडाफडांत असल्यानं झळ एकट्याला बसत नसे. हंगामाआधी पाट साफ करायला घराघरातून माणूस यायचा. पुढे वर धरणं झाली, खाली विहिरी वाढल्या आणि बरेच फड मोडले. काटकसरीचा हा वारसा ज्यांचा, त्यांनाच पाण्याचे उधळे ठरवणं मला फार लागतं.

"जमिनी एनए करा." सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जाड थर आहे. पाऊस तिथं मुरतो आणि खालच्या विहिरींना मिळतो. तिथं ले-आउट पाडला, नाला बुजवला, अंगण सिमेंटचं केलं, की मुरण्याची वाट बंद. मग त्याच कॉलनीत दर घराला बोअर, आणि काही उन्हाळ्यांनी टँकर. जमीन विकणाऱ्याला एकदाच पैसा मिळतो. त्या शिवारात निंदणी-कापणीवर जगणाऱ्या मजुराला तर तोही नाही.

"भाजी बाहेरून येईल." येईल, वाहतूक आणि अडत लावून येईल. पण आसोद्याचं वांगं? आसोदा जळगावला खेटून आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते जळगावच्या मातीचं म्हणून मिळालं. पातळ सालीचं, गराचं भरलेलं हे वांगं तुरीच्या काड्यांवर भाजलं की साल अलगद सुटते. मानांकन दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही.

मजकूर पुढे पाठवण्याऐवजी दोन गोष्टी मागू या. ले-आउट मंजूर करताना नाले आणि पाट आहेत तसे राखण्याची अट काटेकोर पाळली जावी. आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करून जवळच्या शिवाराला द्यावं.