जुन्या होडीला मोठं मशीन लावा म्हणे!

वर्सोव्यापासून कफ परेडपर्यंत मच्छीमारांच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. जुनी फायबरची होडी मोडू नका, टू स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं पेट्रोल मशीन) काढा आणि त्याच जागी मोठ्या हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक टाका, स्पीड डबल, पेट्रोल निम्मं, मेंटेनन्स झीरो, चार बोल्ट काढायचे चार लावायचे, काम खल्लास. यातलं होडी मोडू नका एवढं पटलं, बाकीचं बघू.

आधी ते चार बोल्ट, कारण खरी गडबड तिथेच आहे. आऊटबोर्डचा सगळा भार होडीच्या मागच्या फळीवर, आणि जुन्या फायबरच्या होडीत ती फळी म्हणजे बऱ्याचदा आत प्लायवूड, वरून फायबरचा थर. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं खारं पाणी आत मुरतं, वरून रंग चकाचक आणि आत लाकूड कुजलेलं. बघायला कोणी एक्स्पर्ट नको, छोटी हातोडी घ्या आणि फळीवर सगळीकडे ठोकत जा, टणक आवाज येता येता मध्येच बद्द वाजलं की तिथे खूण करा. मग जुनं मशीन टिल्ट करून त्याचा खालचा पाय धरायचा आणि जोर लावून वरखाली हलवायचा, फळी दबतेय किंवा फळी आणि बाजू जुळतात तिथे बारीक चीर उघडमिट करतेय असं दिसलं तर मशीनचं बुकिंग थांबवा. तरी शंका असेल तर आतल्या बाजूने खालच्या भागात एक बारीक ड्रिल मारा, भुसा कोरडा आणि फिकट आला तर ठीक, ओला काळा आला तर आधी फळी, मग मशीन. आणि ते भोक नीट सील करा, नाहीतर तपासणीनेच फळी कुजवायची.

वजनाचं तर मेसेजवाला बोललाच नाही. 15 हॉर्सपॉवरचं जुनं टू स्ट्रोक साधारण 36 किलो, त्याच ताकदीची फोर स्ट्रोक 50 किलोच्या आसपास, आणि 40 हॉर्सपॉवरमध्ये गेलात तर 20-25 किलोचा फरक सहज पडतो. हे सगळं होडीच्या अगदी टोकाला, वर जाळं आणि बर्फ पण मागेच टाकायची सवय, म्हणजे होडी मागून बसणार. पेट्रोलची टाकी पुढे सरकवा, थोडा फरक पडतो.

आता स्पीड. होडी पाण्यावर उचलून धावणारी असेल तर जास्त पॉवरचा उपयोग आहे, पण पाणी कापत जाणारी जड होडी असेल तर तिला लांबीची मर्यादा असते. पाण्यातली लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 25 फुटाला आले 6.7 नॉट. त्याच्या पुढे कितीही थ्रॉटल द्या, मागचा भाग खाली बसतो, पुढचा वर येतो आणि पेट्रोल जळतं, बस. अशा होडीला मोठं मशीन नको, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे नेणारा) मोठा पंखा हवा, आणि जमलं तर हाय थ्रस्ट गिअरवालं मॉडेल, ते जड होडीला चांगलं ढकलतं.

पंखा बरोबर आहे का ते पण लगेच कळतं. नेहमीचा माल भरून फुल थ्रॉटल द्या आणि आरपीएम (मशीनचे मिनिटाला फेरे) बघा, मॅन्युअलमध्ये 5000 ते 6000 लिहिलंय आणि तुमचं 4300 वर अडकतंय तर पिच जास्त आहे. पिच एक इंच कमी केला की साधारण 150-200 आरपीएम वाढतात. शाफ्टची, म्हणजे मशीनच्या पायाची लांबी पण बघून घ्या, 15 इंच उंचीच्या फळीला 20 इंची शाफ्ट लावला तर पाय नको तेवढा खाली जाणार, आणि ओहोटीला खाडीतल्या चिखलात तोच आधी रुतणार.

पेट्रोल निम्मं हे पूर्ण खोटं नाही हां. कार्ब्युरेटरचं टू स्ट्रोक बरंच पेट्रोल न जाळताच एक्झॉस्टमधून बाहेर फेकतं, त्यामुळे हळू चालवताना, जाळं टाकताना फोर स्ट्रोक खरंच वाचवतं. पण फुल थ्रॉटलवर 40 चं फोर स्ट्रोक पण तासाला 15 लिटरच्या आसपास धरूनच चाला. वर पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच आऊटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये 10 टक्क्यांचीच परवानगी असते, म्हणून घेण्याआधी डीलरला तेवढं लेखी विचारा. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावाच, जुने पाइप बदला, आणि पावसाळ्यात होडी शाकारताना टाकीत पेट्रोल ठेवू नका.

मेंटेनन्स झीरो वाचून तर हसूच आलं. आपल्या माहीमच्या, मालाडच्या खाडीत प्लास्टिकच्या पिशव्या किती आहेत ते सांगायला नको, मशीन थंड करायला पाणी आत घेणाऱ्या जाळीवर एक पिशवी चिकटली की मागची पाण्याची धार बारीक होते आणि बघितलं नाही तर मशीन गरम. पंख्यामागे अडकलेला तंगूस (नायलॉनचा दोरा) काढला नाही तर तिथलं सील कापतो, गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं की समजायचं पाणी आत गेलंय. रोज गोड्या पाण्याने फ्लश, पहिली सर्व्हिस साधारण 20 तासांनी, मग दर 100 तासांनी, मशीनऐवजी स्वतः गंजणारे झिंकचे तुकडे झिजले की बदलायचे. फोर स्ट्रोकला इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर हा खर्च वाढतो, कमी होत नाही.

आणि डिझेलवरून पेट्रोलच्या आऊटबोर्डवर जाणाऱ्यांनो, मच्छीमार सोसायटीतून डिझेलवर मिळणारा व्हॅटचा परतावा पेट्रोलला मिळेलच असं धरू नका, आधी सोसायटीत विचारा. मशीन बदललं की बिल आणि नव्या मशीनचा नंबर घेऊन मत्स्यव्यवसाय खात्यात नोंद बदलून घ्या, विमा असेल तर तिथे पण कळवा.