हात धुऊन मागे लागलेली गोगलगाय

पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने निघालेला सातारकर धुके, धबधबा आणि कांदाभजी एवढ्यावर तृप्त असतो. आमचे दाजी मात्र प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असल्यामुळे, वाटेतला ओला दगड उलथून पाहिल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. गेल्या निसर्गभ्रमंतीत अशाच एका दगडाखाली बिनशंखाची गोगलगाय निघाली आणि आमची सगळी तुकडी तिच्या वेगाने चालू लागली.

हिच्या पूर्वजांना शंख होता. पुढे उत्क्रांतीच्या ओघात तो नाहीसा झाला आणि काही जातींत त्याचा चपटा अवशेष तेवढा पाठीच्या कातडीखाली उरला, असे दाजींनी सांगितले. घरकर्जाचे हप्ते भरणाऱ्या आम्हा मंडळींना घर सोडण्याचा हा विचार फारच दूरदृष्टीचा वाटला. तिच्या डोक्यावरच्या शिंगांच्या दोन जोड्यांपैकी वरच्या जोडीच्या टोकांवर डोळे असतात, खालची जोडी चव आणि स्पर्श सांभाळते, आणि एखादे शिंग तुटलेच तर ते पुन्हा उगवते. तोंडात कानशीसारखी खरखरीत पट्टी असून तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात, हे ऐकून दातांच्या डॉक्टरांकडे नुकतेच जाऊन आलेल्या एका काकांनी खोल उसासा सोडला. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असते, हे कळल्यावर मात्र जोडप्यांनी एकमेकांकडे पाहण्याचे टाळले.

कॅलिफोर्नियातल्या जंगलात पिवळीधमक, पार वीतभर लांबीची गोगलगाय आढळते, आणि सांताक्रूझच्या विद्यापीठाने १९८६ साली तिला आपले अधिकृत प्रतीक केले. (आपल्याकडच्या संस्था वाघ-सिंहांच्या खाली उतरायला तयार होत नाहीत.)

एवढे सांगून दाजींनी तो जीव अलगद उचलून माझ्या तळहातावर ठेवला. ती ज्या चिकट द्रवावरून सरपटते, त्याच्यामुळे ती पात्याच्या धारेवरूनही इजा न होता जाऊ शकते, उभी भिंत चढते आणि अंगातला ओलावा टिकवते. तिला पुन्हा गवतात सोडल्यावर तो द्रव माझ्याकडेच राहिला. मी बाटलीतले पाणी ओतले, तर तो कमी होण्याऐवजी वाढला. आणखी ओतले, तर बोटे एकमेकांवरून घसरू लागली. हा द्रव पाणी शोषून फुगतो, त्यामुळे धुऊन तो निघत नाही, कोरड्या फडक्यानेच पुसावा लागतो, ही माहिती दाजींनी बाटली रिकामी झाल्यावर दिली. भर पावसात, अंगावरचा प्रत्येक धागा निथळत असताना, कोरडे फडके मागणे म्हणजे कोणत्या दर्जाचे शास्त्र आहे, हे मी विचारले नाही.

भजीच्या टपरीवर पोहोचताच त्यांनी पुढचे ज्ञान दिले: उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीची पिल्ले गोगलगायीच्या शरीरात असू शकतात, ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, तेव्हा हात स्वच्छ झाल्याशिवाय कशालाही शिवू नये. बशी माझ्यासमोर वाफाळत होती. मी हात आशीर्वाद दिल्यासारखा हवेत धरून बसलो.

“पाणी कशाला घालताय त्याच्यावर? आधी चुलीतली राख चोळा, मग साबण लावा,” टपरीवाल्या मावशी म्हणाल्या. मी तसे केले आणि हात खरोखरच मोकळा झाला. कोरडी राख ओलावा शोषून घेते, म्हणून बुळबुळ सुटते, असे कारण दाजींनी तत्काळ सांगितले. ते सांगताना त्यांच्या तोंडात माझ्या बशीतले शेवटचे भजे होते.