पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हे!

लेखात पर्सेंटाईल आणि टक्के यातला फरक सांगितलात ते बरं केलंत, कारण आमच्याकडे न्यू जर्सीत लेकीचा तिसरीतला कॉगॅटचा (शाळेत होणारी विचारशक्तीची चाचणी) रिपोर्ट आला तेव्हा ८४ बघून नवरा म्हणाला, "१६ मार्क कुठे गेले?" 😄 अहो, ८४ पर्सेंटाईल म्हणजे तिच्याच वयाच्या १०० पैकी साधारण ८४ मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे, पेपरातले मार्क नव्हेतच ते. शेजारी एसएएस (स्टँडर्ड एज स्कोअर, वयानुसार काढलेला गुण) ११६ लिहिलेलं, त्यात सरासरी १०० धरतात आणि १६ हे एक स्टँडर्ड डेव्हिएशन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप); सरासरीच्या एक डेव्हिएशन वर म्हणजेच साधारण ८४ पर्सेंटाईल, म्हणजे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात.

पण हे फक्त व्हर्बलचं, म्हणजे चाचणीतल्या शब्दांच्या भागाचं हं. क्वांटिटेटिव्ह (आकडे) आणि नॉनव्हर्बल (आकृत्या) दोन्ही नव्वद पर्सेंटाईलच्या वर, म्हणून रिपोर्टात प्रोफाईल ८बी आणि पुढे व्ही मायनस, म्हणजे व्हर्बल बाकी दोन्हींपेक्षा कमी. यातला ८ म्हणजे तिन्ही भागांतला मधला स्टेनाईन, म्हणजे १ ते ९ या पट्टीवरचा गुण, आणि बी म्हणजे तिन्हींपैकी एक भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा. नॉनव्हर्बलमध्ये कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, असले प्रश्न तिने म्हणे पटापट सोडवले, दिवाळीच्या आकाशकंदिलाचे कागद कापून कापून सवयच आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, तर इंग्रजी शब्दांत थोडी मागे पडली असेल, मला तरी त्यात काळजीचं काही वाटलं नाही. एकत्रित आकडाच बघत बसू नका, तिन्ही वेगवेगळे बघा.